स्पंदाची लांबी कशी मोजतात?

गच्चीवरील टाकींत पाणी किती उरलें आहे, हें पाहावयाचें म्हणजे पूर्वीं जिना चढून झांकण उघडावें लागे. आतां तें काम एक लहानसा मायक्रोकंट्रोलर करूं शकतो. मात्र तो पाणी मोजीत नाहीं. तो काळ मोजतो.

झांकणाच्या आंतल्या अंगास ‘एचसी-एसआर०४’ नांवाचा ध्वनिमापक बसवितात. त्याला १० मायक्रोसेकंदांचा इषारा मिळाला कीं तो कानास ऐकूं न येणारा ध्वनि खालीं सोडतो आणि आपल्या एका तारेवर विजेचा दाब चढवितो. पाण्यावर आपटून प्रतिध्वनि परतला कीं हा दाब उतरतो. चढण्यापासून उतरण्यापर्यंतचा अवधि हीच स्पंदाची लांबी. २० अंश सेल्सियसच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो; म्हणून जातांयेतां मिळून दर सेंटिमीटर अंतरामागें ५८ मायक्रोसेकंद लागतात.

‘अर्डुइनो उनो’ या फलकावरील मायक्रोकंट्रोलरचें घड्याळ सेकंदास १,६०,००,००० ठोके देतें व आंतील गणक ते मोजीत असतो. दाब चढतांच एक आंकडा टिपावयाचा, उतरतांच दुसरा. वजाबाकी केली कीं लांबी हातीं आली. हे आंकडे इतर कामांत गुंतलेल्या आज्ञावलीनें सवडीनें टिपले, तर तिचा विलंब मापांत मिसळतो. म्हणून ‘इनपुट कॅप्चर’ नांवाची स्वतंत्र योजना त्याच क्षणीं आंकडा टिपून ठेवते.

परंतु खरा धोका पुढेंच आहे. हा गणक ६५,५३५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो; पूर्ण वेगानें ही फेरी ४.०९६ मिलिसेकंदांत संपते. एक मीटर खोल टाकी रिकामी असतां स्पंद सुमारें ५.८ मिलिसेकंदांचा असतो. वजाबाकींत एक फेरी गळते, सुमारें १.७ उरतात, आणि पाणी झांकणापासून अवघ्या ३० सेंटिमीटरांवर आहे, असें यंत्र सांगतें! टाकी कोरडी, पण पंप सुरू होत नाहीं.

उपाय सोपा आहे. फेऱ्या मोजाव्या, किंवा ठोके ८ नें भागून गणकाला द्यावे; मग एक फेरी ३२.७६८ मिलिसेकंदांची होते व सुमारें साडेपांच मीटरपर्यंत चूक होत नाहीं. प्रतिध्वनि आलाच नाहीं, तर वाट पाहण्यास मर्यादा घालावी आणि ‘माप मिळालें नाहीं’ असेंच दाखवावें. न मिळालेलें माप मनुष्याला जिना चढावयास लावतें. चुकीचें माप त्याला स्वस्थ बसवितें.