चोरीला गेलेली सुरी ओळखतात कशी?

अटलांटाच्या ब्लेड शोहून परतताना आमच्या एका संग्राहक मित्राच्या गाडीची काच फोडून कुणीतरी हाताने घडवलेल्या सुऱ्यांची पेटी पळवली. फार वाईट वाटलं. पण रात्र व्हायच्या आत ओळखीच्या प्रत्येक संग्राहकाकडे, विक्रेत्याकडे आणि कारागिराकडे त्या सुऱ्यांचे फोटो पोचले होते.

फोटोंवर एवढा भर का? कारण त्यातल्या बऱ्याच दमास्कस पोलादाच्या होत्या.

हे पोलाद बनवताना जास्त कार्बनचं आणि निकेल असलेलं पोलाद, यांचे थर भट्टीत पिवळेधमक होईपर्यंत तापवून, ठोकून एकजीव करतात. मग दुमडून, पिळून पुन्हा ठोकतात. शेवटी पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवलं की कार्बनचा थर काळवंडतो, निकेलचा चकाकत राहतो आणि नक्षी उमटते.

ही नक्षी बोटाच्या ठशासारखी असते. एकाच कारागिराची दोन पातीसुद्धा हुबेहूब जुळत नाहीत. वरवर पॉलिश केली तरी पुन्हा द्रावणात ठेवली की ती वर येते.

 

कारागिराचा शिक्का घासून काढता येतो, नक्षी नाही. त्यामुळे फोटो फिरले की जाणकार माणूस त्या सुरीला हात लावत नाही.

तुमच्याकडे अशी सुरी असेल तर आजच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. शिक्क्याजवळची नक्षी अगदी जवळून टिपा. पावती वेगळी ठेवा.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, फोटो टाकलात तर आणखी बरं.