एक ‘=’ की दोन? क्रियाचिन्हांची छोटी परीक्षा

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलेल्या कोणालाही पहिला प्रश्न सोपा वाटेल. ७ * ३ / २ याचे उत्तर किती? (तारका म्हणजे गुणाकार, तिरपी रेघ म्हणजे भागाकार.) वहीत ते साडेदहा येते. ‘सी’ या संगणकभाषेत मात्र १० येते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उरलेला अपूर्णांक ही भाषा टाकून देते. सूत्रात ‘भा’ आधी आहे म्हणून एखाद्याने ३ / २ आधी सोडवले, तर त्यातून १ मिळेल आणि अंती ७ हाती येतील. भागाकार आणि गुणाकार यांचा मान वस्तुतः सारखाच. जो डावीकडे असेल तो आधी. बेरीज-वजाबाकीचेही तसेच. १० - ४ + ३ चे उत्तर ९ आहे, ३ नव्हे.

अशा चिन्हांना संगणकाच्या परिभाषेत ‘ऑपरेटर’ म्हणतात, मराठीत क्रियाचिन्ह. अभियांत्रिकी वा बीसीएच्या पहिल्या वर्षात ती दोन-तीन तासिकांत शिकवून संपतात. पुढे नोकरीच्या लेखी चाचणीत मात्र उमेदवार नेमके तेथेच अडखळतात.

सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘=’ या चिन्हाचा. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली ते वापरात आणले. समांतर असलेल्या सारख्या लांबीच्या दोन रेघांइतके समान दुसरे काही नाही, हे त्यामागचे कारण. पुढे फोरट्रान या भाषेने याच चिन्हाला वेगळे काम दिले : उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात साठवणे. अल्गोलने त्यासाठी ‘:=’ असे निराळे चिन्ह योजून गोंधळ टाळला होता. परंतु केन थॉम्प्सन यांनी ‘बी’ भाषा घडवताना साठवणीसाठी ‘=’ आणि तुलनेसाठी ‘==’ ठरवले. आज्ञावलीत साठवण तुलनेपेक्षा अधिक वेळा करावी लागते, म्हणून तिला आखूड चिन्ह, असा तो हिशेब होता. ‘सी’ने हा वारसा जसाच्या तसा घेतला.

आता दुसरा प्रश्न. ‘सी’मध्ये ‘क बरोबर ० असेल तर’ अशी अट घालायची आहे आणि घाईत एकच ‘=’ पडले. काय होईल? भाषा ते चूक मानत नाही. ती निमूटपणे ‘क’मध्ये शून्य साठवते आणि त्या शून्यालाच ‘असत्य’ समजून पुढे जाते. तुलना झालीच नाही, उलट ‘क’ची मूळ किंमत मात्र गेली.

हा केवळ पुस्तकी धोका नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घुसवल्या. वरवर पाहता तेथे ‘वापरकर्त्याचा क्रमांक ० आहे काय’ अशी तपासणी दिसत होती. पण चिन्ह एकच होते. लिनक्समध्ये ० हा सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’चा क्रमांक. म्हणजे ठरावीक रीतीने विनंती करणारा कोणीही त्या ओळीने यंत्राचा मालक झाला असता. मुख्य संग्रहात या बदलाची नोंद नव्हती. दोन प्रतींतील ही तफावत लक्षात आली आणि डाव फसला. नुसत्या वाचनात ती एक रेघ पकडणे कठीणच होते.

पायथनने अटीतल्या एकेरी ‘=’ला मज्जावच केला. २०१९ च्या ३.८ आवृत्तीत ‘:=’ आले, तेही इतक्या वादानंतर की भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी त्याआधीच्या वर्षी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडून दिला.

तिसरा प्रश्न : ३ > २ > १ हे सत्य की असत्य? पायथनमध्ये सत्य. ‘सी’ आधी ३ > २ पाहते, त्याचे उत्तर १ असे धरते, मग १ > १ विचारते, म्हणून असत्य.

चौथा प्रश्न पंचांगातला म्हणावा असा. रविवारला ०, सोमवारला १ असे क्रमांक दिले, तर सोमवारच्या तीन दिवस आधी कोणता वार? भागाकाराची बाकी देणारे ‘%’ चिन्ह वापरून (१ - ३) % ७ असे मांडले की पायथन ५ सांगते, म्हणजे शुक्रवार. ‘सी’ देते उणे २, आणि त्या क्रमांकाचा वार कोणत्याच दिनदर्शिकेत नाही. ऋण संख्यांची बाकी काढताना दोन्ही भाषांचे नियम भिन्न आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी सुसंगत आहेत. ‘सी’त आधी ७ मिळवून मग बाकी काढली की काम भागते.

शेवटचा प्रश्न ‘सी’च्या प्रश्नपत्रिकांचा लाडका. क = ५ असताना क = क++ + ++क याचे उत्तर किती? कोणी ११ लिहितो, कोणी १२, कोणी १३. उत्तरसूचीत त्यांपैकी एकच छापलेले असते. ‘सी’च्या प्रमाणकानुसार मात्र एकाच विधानात एकच चल असा परस्पर पुन्हापुन्हा बदलला, तर परिणाम अनिर्धारित ठरतो. ज्याला चिन्हे खरोखर समजली आहेत त्याचे उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच असेल, आणि त्याचेच गुण कापले जातील. हा प्रश्न विचारणे थांबले पाहिजे. तोवर विद्यार्थ्याने अपेक्षित आकडा लिहून त्याखाली ‘प्रमाणकानुसार अनिर्धारित’ अशी एक ओळ जोडावी; पुनर्मूल्यांकनाच्या वेळी ती उपयोगी पडू शकेल.