सौर शिडाच्या पृष्ठभागावरील विद्युतभार : एक विवेचन

सौर शिडाविषयीच्या बहुतेक लेखनात प्रकाशाच्या दाबाला मध्यवर्ती स्थान मिळते व ते योग्यच आहे. पृथ्वीइतक्या अंतरावर पूर्ण परावर्तक पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर सूर्यप्रकाशाचे बल जेमतेम ९ मायक्रोन्यूटन असते. एवढ्याशा बलाने यान ढकलले जावे यासाठी शीड विस्तीर्ण आणि अत्यंत पातळ असावे लागते. जपानच्या जॅक्सा या संस्थेने मे २०१० मध्ये सोडलेल्या ‘इकारोस’चे शीड १४ मीटर बाजूचे चौरस होते; त्याच्या पॉलिइमाइड पटलाची जाडी होती केवळ ७.५ मायक्रोमीटर. विद्युतभाराच्या प्रश्नाचे मूळ या पातळपणातच आहे.

सौर वाऱ्यातील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन शिडावर सतत आदळत असतात. शांत स्थितीत इलेक्ट्रॉनांचा प्रवाह दर चौरस मीटरला अर्ध्या मायक्रोअँपिअरच्या आसपास भरतो. उलटपक्षी, सूर्याकडील बाजूतून प्रकाशविद्युत परिणामामुळे बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह याच्या कित्येक पट असतो. परिणामी ही बाजू काही व्होल्ट धन विभवावर स्थिरावते.

छायेतील बाजूची स्थिती निराळी आहे. तेथे प्रकाश नाही. शिवाय सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहणारे प्रोटॉन शिडाला वळसा घालून मागे येऊ शकत नाहीत. इलेक्ट्रॉनांचा औष्णिक वेग मात्र याच्या काही पट असल्याने ते त्या पोकळीत सहज शिरतात. मागील बाजू उघड्या पॉलिइमाइडची, म्हणजे विद्युतरोधक असेल तर ती काही दशक व्होल्ट ऋण होते आणि संपूर्ण शिडाला धारित्राचे रूप येते. ३० व्होल्टचे विभवांतर ७.५ मायक्रोमीटर जाडीत विभागले तर क्षेत्रतीव्रता मीटरला ४० लाख व्होल्ट येते. आकडा भीतिदायक वाटतो. पण अखंड पॉलिइमाइड याच्या कित्येक पट तीव्रता सहन करते. म्हणून शांत सौर वाऱ्यातील शिडाबद्दल फार चिंता करण्याचे कारण नाही.

खरा धोका पृथ्वीच्या भूस्थिर कक्षेच्या परिसरात संभवतो. चुंबकीय वादळात तेथील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते. ‘एटीएस-५’ हा उपग्रह पृथ्वीच्या छायेत असताना हजारो व्होल्ट ऋण झाल्याची नोंद आहे. शिडाच्या दोन बाजूंत १,००० व्होल्टचे अंतर पडले तर तीव्रता मीटरला १३ कोटी व्होल्टवर जाते. घडीच्या रेषेवर अथवा ओरखड्यावर पटल तेवढी सहन करीलच असे नाही. पटलाची धारकता दर चौरस मीटरला सुमारे ४ मायक्रोफॅरड धरल्यास इकारोसएवढ्या शिडात अशा वेळी ४०० ज्यूलच्या जवळपास ऊर्जा साठेल. तिचा काही अंशही एका बिंदूतून मोकळा झाला तरी पटलास छिद्र पडू शकते आणि यानातील इलेक्ट्रॉनिक मंडलांत व्यत्यय येऊ शकतो. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते : धारकता मोठी असल्यामुळे हे विभवांतर क्षणात निर्माण होत नाही, त्यास काही मिनिटे लागतात. अल्पकाळाच्या वादळात पातळपणा, काहीसा विरोधाभासाने, शिडास वेळ मिळवून देतो.

उपाय तत्त्वतः सोपा आहे. मागील बाजूही सुवाहक करावी आणि ती पुढील बाजूस जोडावी, म्हणजे छायेत जमलेले इलेक्ट्रॉन उन्हाच्या बाजूने निघून जातील. परंतु मागेही ॲल्युमिनियम चढविल्यास शिडाची उष्णता बाहेर पडत नाही, कारण हा धातू उष्णतेचे उत्सर्जन अत्यल्प करतो. शिडाच्या अनेक आराखड्यांत मागील बाजूस क्रोमियमचा थर सुचविलेला असतो तो मुख्यतः या औष्णिक कारणासाठी. विद्युतवहनाचा लाभ त्यासोबत आपोआप मिळतो. मात्र थर अखंड राहिला पाहिजे. घड्या घालून बांधलेले शीड अवकाशात उलगडते तेव्हा धातूच्या थरास सूक्ष्म तडे जाऊ शकतात. तड्यांनी वेढलेला एखादा तुकडा उरलेल्या पृष्ठभागापासून विद्युतदृष्ट्या तुटला की त्याची अवस्था पुन्हा उघड्या पॉलिइमाइडसारखी होते. त्यामुळे थराचा विद्युतरोध घडी घालण्यापूर्वी मोजून भागत नाही. तो उलगडल्यानंतर, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांस मोजावा लागतो.