कुशल माणसांचा चमू आपोआप होत नाही

३ जुलै १९८८ रोजी बंदर अब्बासहून दुबईकडे निघालेले इराणचे प्रवासी विमान अमेरिकन नौदलाच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने क्षेपणास्त्राने पाडले. विमानातील २९० जणांपैकी कोणीही वाचले नाही. मृतांत दहा भारतीयही होते. नौकेवरील ‘एजिस’ ही यंत्रणा त्या काळी अत्यंत प्रगत समजली जाई, आणि तिच्या नोंदींनुसार विमान उंची गाठत होते. नियंत्रण कक्षात मात्र ते खाली येत नौकेवर चाल करीत असल्याचे सांगितले जात होते. यंत्राने बरोबर टिपलेली माहिती माणसांच्या तोंडून पुढे जाताना उलटी झाली. त्याच वेळी इराणी गस्ती बोटींशी चकमक चालू होती, आणि निर्णयासाठी हाती होती ती केवळ काही मिनिटे.

या दुर्घटनेनंतर अमेरिकन नौदलाने तणावाखालील निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासाचा दीर्घकालीन प्रकल्प हाती घेतला. ‘टॅडमस’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. त्यात प्रमुख सहभाग असलेल्या संशोधकांपैकी एक म्हणजे संघटन-मानसशास्त्रज्ञ एदुआर्दो सालास. १९८४ मध्ये व्हर्जिनियातील ओल्ड डोमिनियन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविल्यावर ते ऑर्लँडो येथील नौदलाच्या प्रशिक्षण-संशोधन केंद्रात दाखल झाले व सुमारे पंधरा वर्षे तेथे राहिले. पुढे ते सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात आणि नंतर ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात गेले. संस्था बदलल्या, प्रश्न तोच राहिला. स्वतंत्रपणे निष्णात असलेली माणसे एकत्र आल्यावर चुकतात का, आणि ते टाळण्याचे शिक्षण देता येते का?

सालास आणि त्यांच्या सहकारी जॅनिस कॅनन-बोअर्स यांनी यासाठी जी संकल्पना रुजविली, तिला मराठीत ‘सामायिक मनोचित्र’ म्हणता येईल. काम कोणते, कोणाची जबाबदारी कोणती, आता पुढे काय घडणार, याचे चित्र चमूतील सर्वांच्या मनात बऱ्याच अंशी एकसारखे असले, तर सहकाऱ्याला काय लागणार हे त्याने मागण्यापूर्वीच कळते. तणाव वाढला की बोलायला उसंत नसते. अशा वेळी चांगला चमू मागणीची वाट न पाहता माहिती पुढे सरकवतो. मुरलेल्या भजनी मंडळात पखवाजवाद्याला बुवांनी खूण करावी लागत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की भजनी मंडळ वर्षानुवर्षे एकत्र बसते. युद्धनौकेवरची किंवा अतिदक्षता विभागातील माणसे पाळीगणिक बदलतात. त्यामुळे तेथे सहवासाने आपोआप येणारी समज प्रशिक्षणातून घडवावी लागते.

त्याच्या रीती ऐकायला साध्या वाटतात. एकमेकांची कामे प्रत्यक्ष करून पाहावीत. खऱ्यासारख्या प्रसंगाचा सराव दबावाखाली करावा. सरावानंतर लगेच आढावा घ्यावा, आणि त्यात प्रमुखाने प्रथम स्वतःची चूक सांगावी. ही शेवटची अट आपल्याकडील कचेऱ्यांत सर्वांत जड जाईल. परंतु वरिष्ठ स्वतःविषयी गप्प राहिला, तर कनिष्ठ तोंड उघडत नाहीत.

नौदलाबाहेर या अभ्यासाचा सर्वाधिक उपयोग रुग्णालयांत झाला. डॉक्टरने ‘एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन’ म्हणावे, परिचारिकेने तेच शब्द उच्चारावेत, औषध दिल्यावर ‘दिले’ असे सांगावे आणि डॉक्टरने ते ऐकल्याची पोच द्यावी. संदेशाचे हे वर्तुळ पूर्ण होईपर्यंत संदेश पोहोचला असे मानायचे नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य व संरक्षण खात्यांनी रुग्णालयांसाठी आणलेला ‘टीमस्टेप्स’ हा अभ्यासक्रम याच संशोधनावर उभा आहे. २०१६ मध्ये सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यक्षेत्रातील १२९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सांघिक प्रशिक्षणानंतर वैद्यकीय चुकांत १९ टक्के आणि रुग्णांच्या मृत्यूंत १५ टक्के घट झाल्याचे त्यात नमूद आहे. यांपैकी अनेक अभ्यासांत प्रशिक्षणापूर्वीची आणि नंतरची स्थिती एवढीच तुलना असल्यामुळे सारे श्रेय प्रशिक्षणाला देणे घाईचे ठरेल. तरीही आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

प्रशिक्षण म्हणजे एका हॉटेलात दिवसभर खेळ, भाषण, जेवण आणि प्रमाणपत्र, ही समजूत मात्र या संशोधनाला मान्य नाही. सालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या आढाव्यानुसार, वर्गाआधी व वर्गानंतर काय होते, हे वर्गाइतकेच महत्त्वाचे असते. गरज कोणती हे न तपासता नेमलेला वर्ग वाया जातो. शिकून परतलेल्याला ते वापरण्याची संधी मिळाली नाही, वा ‘इथे असले चालत नाही’ असे वरिष्ठाने सुनावले, तर शिकलेले लवकरच विसरले जाते. अशा वेळी दोष शिकणाऱ्याच्या माथी मारला जातो, हे अन्याय्यच म्हणावे लागेल.

अलीकडच्या वर्षांत सालास अंतराळवीरांच्या चमूंकडेही वळले आहेत. मंगळाच्या वाटेवर काही मोजकी माणसे दोनेक वर्षे एका बंदिस्त यानात राहणार, आणि पृथ्वीकडे पाठवलेला शब्द पोहोचायलाच कधी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागणार. संदेशाची पोच ताबडतोब येईल हे गृहीत धरून बसवलेली पद्धत तेथे चालणार नाही.