नवी सोय आणि पालकाचें कर्तव्य

संगणकावर आपण जीं मुक्त साधनें विनामूल्य वापरतों, त्यांच्यामागें कोणाचे हात राबतात, याची कल्पना पुष्कळांस नसते. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पांत मूळ लेखकाची आज्ञावली घेऊन तिचें वापरावयास तयार असें गाठोडें, म्हणजे पॅकेज, स्वयंसेवक बांधतात व पुढें सांभाळतात. अशा स्वयंसेवकास आपण पॅकेजाचा पालक म्हणूं.

बांधणीच्या कामीं त्यास ‘डेबहेल्पर’ हा साधनसंच साहाय्य करितो. त्यांत सुधारणा होतात, पण त्या एकदम कोणावर लादल्या जात नाहींत. आपण कितव्या पायरीचे नियम पाळतों, हें पालकानें आंकड्यानें सांगावयाचें. तो आंकडा बदलीपर्यंत जुनी रीतच चालते.

पायरी चढण्यांत लाभ खरा आहे. एखादी फाईल पॅकेजांत घालावयाची राहिली, तर बाराव्या पायरीवर नुसती सूचना मिळते. तेराव्या पायरीवर बांधणीच थांबते. चूक लोकांच्या घरीं जाण्याआधींच पालकाच्या ध्यानीं येते.

परंतु २०१९ च्या डेबियन १० मध्यें मूळचा डेबहेल्पर बाराव्या आवृत्तीचा होता. तेरावा २०२१ च्या डेबियन ११ बरोबर आला. ज्यानें घाईनें आंकडा वाढविला, त्याचें पॅकेज जुन्या घरच्या साधनांनीं बांधतां येईना.

तरी जुन्यासच चिकटून राहणें हाही उपाय नव्हे. फार जुन्या पायऱ्या कालांतरानें काढून टाकल्या जातात. यास्तव आंकडा वाढवावा, पण आधींचें व नंतरचें गाठोडें ताडून पाहावें, आणि आपल्यावर विसंबून कोण आहे, याचा विचार प्रथम करावा.