सुकले तरी न मरणारे जंतू

कोरड्या जागी जंतू जगत नाहीत, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. धनुर्वाताचा जंतू प्रतिकूल काळात टणक कवचाचे बीजाणू तयार करतो. त्यात पाणी अगदी कमी असते. असे बीजाणू माती-धुळीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. नुसत्या उकळण्यानेही ते मरतीलच असे नाही. खोल जखमेत, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे ते जागे होतात आणि विष तयार करतात.

इतर काही जंतू ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. पाणी गेले की ती पेशीचे आवरण व प्रथिने सांभाळते.

सुकून जगण्याच्या या गुणाचा माणसाने उपयोगही केला आहे. बाळाच्या बीसीजी लसीत दुबळे केलेले जिवंत जंतू गोठवून, निर्वातात सुकवून भुकटीच्या रूपात ठेवतात. द्रव मिसळल्यावर मात्र ती लस चार तासांतच वापरावी लागते.

तेव्हा शेतात खिळा-काटा लागला, तर जखमेवर माती, शेण किंवा राख लावू नका. साबणाने व भरपूर पाण्याने जखम धुवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.