खळ्यातली मैफल

डहाणू-तलासरीचा तारपा जगाने पाहिला भरपूर, ऐकला फार थोड्यांनी. मधोमध वाकून हे वाद्य वाजवणारा वादक आणि त्याच्याभोवती हात गुंफून फिरणारी माणसं, हे वारली चित्र साड्यांवर, कपांवर, शहरांतल्या भिंतींवर जाऊन बसलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी या चित्रांना घराच्या भिंतीवरून कागद-कापडावर आणलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रातला तो मधला माणूस नेमकं काय वाजवतो, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

तारपा रानातून आणि परसातून जमवलेल्या वस्तूंचा बनतो. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला ताडाची पानं गुंडाळून केलेला कर्णा. सांधे मेणाने बुजवायचे. दोन्ही नळ्यांना एकेक पातळ पत्ती असते आणि ती भोपळ्याच्या पोटात दडलेली असते. या वाद्याची सगळी गंमत मला तिथे दिसते. सनईवाला ओठांनी पत्ती आवरतो, सोडतो, सुरांच्या मध्ये जागा ठेवतो. तारपा वाजवणाऱ्याची जीभ त्या पत्तीपर्यंत पोचतच नाही. गालात हवा धरून ती सोडता सोडता तो नाकाने श्वास घेतो, त्यामुळे आवाज तुटत नाही. त्या अखंड आवाजातून चाल कोरायची ती फक्त बोटांनी. दोन नळ्या एकदम बोलतात, म्हणून सुराला सोबत असते आणि एकटा वादकही जोडीने वाजवल्यासारखा वाटतो.

भात पिकून घरात येऊ लागलं की तारप्याचे दिवस सुरू होतात. खळ्यात किंवा अंगणात फेर धरला जातो. स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून वादकाच्या मागोमाग वळतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. पुढचा गडी सुरावरून ओळखतो, फेर उजवीकडे न्यायचा की डावीकडे. सूचना तोंडी नसते, ती चालीतच असते.

या चालींना चाळे म्हणतात. त्यांच्या जोडीला मला युरोपातलं एक उदाहरण आठवतं. तिथे अठराव्या शतकात हायडन या संगीतकाराने चार तंतुवाद्यांसाठी साठहून अधिक रचना लिहिल्या. त्या रचना दालनात मोजक्या लोकांसमोर वाजत, वादक एकमेकांकडे कान देऊन चालत, काठी हलवणारा कोणी नसे. खळ्यातली मैफल त्याच जातीची आहे, असं मी ठामपणे म्हणेन. ऐकणारे मोजके, सगळ्यांचे कान एकमेकांकडे. फरक कागदाचा. हायडनची रचना छापली गेली, म्हणून तिला कर्ता मिळाला. चाळा बोटांतून बोटांत गेला. नाचणाऱ्यांचा दम ओळखून तो लांबवणारा, मोडणारा, नव्याने जुळवणारा माणूस मात्र नुसता वादक ठरला. ‘लोकसंगीत’ म्हटलं की कर्ता गळून पडतो. हा अन्याय आहे.

अलीकडे थोडं बदलतंय. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव 2026 च्या पद्मश्रींच्या यादीत आलं. पण स्टेजवर आजही पथकाला पाचेक मिनिटं दिली जातात. रात्रभर वाढत जाणारी रचना तेवढ्यात मावत नाही. वादकाच्या हातात माइक नको, वेळ हवा.

डहाणूला चिकू आणि समुद्रासाठी जाणाऱ्यांनी सुगीत, दिवाळीच्या सुमारास एखाद्या पाड्यावर ओळख काढून, रीतसर विचारून हा फेर ऐकावा. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने वादकाची परवानगी घ्यावी आणि त्याचं नाव, गाव आणि चाळ्याचं नाव मुद्रणासोबत नोंदवावं. रचनाकार म्हणून.